माजघरातली तुळई

जुन्या लाकडाचा व्यापारी उदगीरहून आला, तेव्हा आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. माझ्या भावाला त्याच जागेवर स्लॅबचं घर बांधायचंय, त्यासाठी जुनं माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत, उतरवायचंय, हे तिला मान्य होतं; पण लाकडाचा सौदा बघत बसायची तिची तयारी नव्हती. व्यापाऱ्यासोबत एक पोरगा होता. त्याच्या एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात सुतळीला बांधलेलं गोल चुंबक, कुठल्यातरी मोडक्या स्पीकरातून काढलेलं. प्रत्येक खांबाला वरपासून खालपर्यंत तो ते चुंबक फिरवायचा. लाकडात खिळा राहिला तर सॉमिलचं पातं तुटतं, म्हणून ही तपासणी. ढाळजेचे खांब झाले, ओसरीचे झाले, सरे झाले. चुंबक कुठं चिकटलं नाही. व्यापारी एका सांध्यापाशी थांबला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "कुण्या मिस्त्रीचं काम हाय हे? एक खिळा नाई." भाऊ म्हणाला, "वडलांचं." मग ते माजघरात गेले. पोरगा शिडीवर चढला आणि टक, टक, टक. घरात सागाची म्हणून एकच तुळई, आणि तिच्याच पाठीवर जागोजाग चुंबक चिकटत होतं. "इथं तर लोखंडाचं पीक आलंय," असं म्हणत व्यापाऱ्यानं तिचा भाव निम्म्यावर आणला. भाऊ चिडला. व्यापाऱ्यावर कमी, आण्णांवर, म्हणजे आमच्या वडलांवर, जास्त. "एवढं चांगलं लाकूड, आणि त्याच्यातच आण्णांनी हे असं करावं?" असं तो संध्याकाळपर्यंत म्हणत राहिला.

मला भावाचं दुखणं पैशाचं वाटलं. माझं वेगळं होतं. ते खिळे आण्णांनीच ठोकले असतील, हेच पटत नव्हतं.

आण्णांचं खिळ्याशी वैर होतं. लाकडाला लाकडानंच धरायचं, ही त्यांची रीत. कुसू तासायचा, खाच कोरायची, दोन्ही एकमेकांत बसवून आरपार भोक पाडायचं आणि बाभळीची मेख मारायची. ओलं लाकूड वाळताना आवळतं, मग सांधा आणखी घट्ट होतो. खिळ्याचं उलटं. पावसाळ्यात लोखंड गंजतं, भोवतालचं लाकूड काळं पडतं, भोक सैल होतं आणि एखाद्या उन्हाळ्यात खिळा आपणहून डोकं वर काढतो. लग्नाच्या मांडवाचं तोरण लावायला कुणी आमच्या खांबाला खिळा मारू लागलं तर आण्णा पाहुणे-रावळे बघायचे नाहीत. आईनं कॅलेंडर लावण्यासाठी एकदा चूक मारली होती, तर ती त्यांनी काढून तिथं लाकडाची खुंटी बसवली. कॅलेंडर त्या खुंटीवर कधी नीट लटकलं नाही. तारखा बघायला मान वाकडी करावी लागायची.

त्यांचा जन्म रझाकाराच्या धांदलीतला. तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, पण पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते पाळण्यात होते, एवढं आजी सांगायची, म्हणजे 1948. घरात सुतारकी पिढीजात. हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, कधी आला हे त्यांना आठवत नव्हतं, मात्र हातातून कधी सुटला ते आठवत होतं: 1972 च्या दुष्काळात. लोकांनी बैल विकले, औतं भिंतीला टेकवून ठेवली, मग सुताराला काम कोण देणार? भरल्या हातानं गावभर हिंडणारा तरणा माणूस खडी फोडायला गेला. मिळेल ती मजुरी, लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी आणि सुकडी. पुढं कधीही घरात मिलोचं नाव निघालं की ते ताटावरून उठायचे नाहीत, पण जेवण मंदावायचं. खडी फोडता फोडता करवतीच्या दातांसाठी सवयीचा झालेला हात बधिर होईल, याची त्यांना भीती वाटायची, असं ते एकदा बोलून गेले. त्यामुळे रात्री बाजेवर पडल्या पडल्या अंधारातच बोटांनी वाकस धरल्यासारखा करायचे. लग्न दुष्काळ सरता सरता झालं. आई म्हणते, नवऱ्या मुलाच्या हाताला घट्टे बघून तिच्या बापानं विचारलं होतं, "सुतार म्हणलाव, हे तर पाथरवटाचे हात हायेत."

आमच्या घराच्या उजव्या अंगाला लिंबाखाली त्यांचं कामाचं छप्पर होतं. तिथला वास मला अजून येतो. बाभळीचा बुंधा तोडला की आण्णा तो ओढ्याच्या डोहात महिनोन्‌महिने बुडवून ठेवायचे, म्हणजे कीड धरत नाही. बाहेर काढला की त्याला कुजट, शेवाळी वास असायचा, नाकाला पदर लावावा असा. पण रंधा फिरायला लागला की त्याच लाकडातून थोडा गोडसर, थोडा तुरट वास निघायचा आणि छप्पर भरून टाकायचा. खाली ढलप्यांचा थर. आई संध्याकाळी पाटी घेऊन यायची, ढलप्या भरून न्यायची, चुलीला लावायची. आमच्या घरचं वरण बाभळीच्या धुरानं चवदार व्हायचं. कानशीनं करवतीला दात लावताना मात्र सगळं घर दातओठ खायचं. तो आवाज मला अजूनही सहन होत नाही, आणि कुठं आला तर मी तिथून हलतही नाही.

माझं काम सूत धरायचं. काव लावलेल्या सुताचं एक टोक माझ्या हातात, दुसरं आण्णांच्या. लाकडावर ताणून धरायचं, त्यांनी मधोमध चिमटीत उचलून सोडलं की फट् करून लाल रेघ उमटायची. "हलू नको," एवढंच बोलायचे. मी श्वास धरून उभी राहायची. भाऊ माझ्याहून मोठा, त्याला त्यांनी रंधा दिला, पटाशी दिली, चुकलं तर टपली दिली. त्याला सुतारकीचा मनापासून कंटाळा होता. तो खळ्यावर क्रिकेट खेळायला पळायचा, मग मी पुन्हा सुतापाशी. मला रंधा कधी मिळाला नाही. एकदाही त्यांनी "तुला शिकायचंय का" असं विचारलं नाही, आणि एकदाही "हे बायकांचं काम नाई" असंही म्हणाले नाहीत. मी काय धरायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला फार दिवस वाटायचं की राग नेमका कशाचा धरावा.

पण त्यांचं मोजणं बघत बसावं असं होतं. टेप असायचा, पण विश्वास वितीवर, हातावर आणि सुतावर. इंचाचे आठ भाग, एकेक भाग म्हणजे एक सूत. आण्णा अर्ध्या सुतासाठी अख्खी चौकट उतरवायचे. गंजगोलाईत हत्यारं घ्यायला जायचे तेव्हा मी कधीमधी सोबत असायची. लातूरचा तो गोल, मधोमध जगदंबेचं देऊळ, चहूकडं फुटलेले सोळा रस्ते, आणि एकेका रस्त्याचा एकेक धंदा. दुकानदार पुढ्यात पटाश्यांचा ढीग टाकायचा. आण्णा एकेक उचलून अंगठ्याच्या नखावर टेकवायचे, कानाजवळ नेऊन टिचकी मारायचे, बाजूला ठेवायचे. अर्धा दिवस. शेवटी एक घ्यायचे किंवा एकही नाही. मला तिथल्या भज्यांची घाई असायची.

तिफणीचं चाडं, म्हणजे पेरताना बी सोडायचं लाकडी भांडं, करायचं असलं की ते लाकूड निवडण्याआधी पेरणारणीला बघायला जायचे. चाड्यावर मूठ कोण धरणार? तिफण हाकणारा कुणीही असो, बी सोडणारी बहुतेक घरची बाई. तीन भोकांत सारखं बी पडायला हवं, नाहीतर उगवणीला एक ओळ दाट, एक विरळ, आणि मग सबंध हंगाम गाव बघून हसतं. आमच्या दोन एकर कोरडवाहूसाठी आईचं चाडं केलं तेव्हाची गोष्ट मला आईनंच सांगितली. नवी नवरी. सासूनं दिलेल्या चाड्याचा काठ तिच्या मनगटाला लागायचा, सालटं निघायचं. ती काही बोलली नाही. एका रात्री आण्णांनी तिच्यापुढं ज्वारीनं भरलेलं सूप ठेवलं आणि म्हणाले, "मूठ भर. आता सोड." तिनं सोडली. "परत." असं कितीतरी वेळ. ते जमिनीवर पडलेली ज्वारी बघत होते, बोटांच्या फटी बघत होते. नवीन लग्न झालेल्या बाईला वाटलं, नवऱ्याला काहीतरी झालंय. दोन दिवसांनी तिच्या हाताच्या मापाचं चाडं आलं, काठ खाली उतरवलेला, भोकं जवळ घेतलेली. "मला सांगायचं तरी की कशाला मूठ सोडायला लावलालाव," आई अजून म्हणते. हसत म्हणते, पण म्हणते.

गाडीच्या चाकाचं काम निघालं की दोन घरांना सण असायचा, आमच्या आणि लोहाराच्या. तुंबा, बारा आरे, सहा पुठ्या, हे सगळं आण्णांचं, धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, लोहाराची. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, किती लहान ते दोघांनी डोळ्यांनीच ठरवायचं. मोकळ्या जागी गोवऱ्यांचं गोल आवं रचायचं, त्यात धाव लाल करायची. लोखंड तापलं की वाढतं. सांडशीनं दोन-तीन माणसांनी ती उचलून चाकावर बसवायची, लाकूड पेटायच्या आत घणानं चोपायची आणि भराभर पाणी ओतायचं. वाफ, धूर, जळक्या बाभळीचा वास, आणि त्या सगळ्यातून चाक करकर करत आवळत जायचं, एकेक आरा तुंब्यात रुतत जायचा. आण्णा तेव्हा वाकून कान लावायचे. कुठला आरा बोलला नाही हे त्यांना ऐकू यायचं म्हणे. लोहारकाका म्हणायचे, "तुझा बा लाकडाशी बोलतो आन माणसाशी मुका." मला ते कौतुक वाटायचं. आईला तेवढं वाटत नसावं.

पैशाचं म्हणाल तर आनंदच होता. बलुतं म्हणून सुगीला खळ्यावरून पायली-दोन पायली ज्वारी यायची, ती देणाऱ्याच्या मनावर. नंतर नंतर तीही कमी झाली. ज्वारी-उडीद जाऊन सोयाबीन आलं, ट्रॅक्टरला लोखंडी पेरणीयंत्र आलं, बैल घटले. आण्णांच्या हाताखालच्या एक-दोघांनी पुणं गाठलं, प्लायवूडच्या कामात चांगले पैसे काढले. आण्णा गेले नाहीत. याचं मी पूर्वी फार कौतुक करायची. आता आईचे त्या काळातले दिवस आठवले की तोंड आवरतं.

मग 1993 च्या गणपती विसर्जनाची ती रात्र, किल्लारीच्या भूकंपाची. आमचं गाव किल्लारीपासून लांब, तरी पहाटे चारच्या आत माजघराची पश्चिमेची भिंत बाहेरच्या बाजूला सांडली. मी चौथीत होते. मला आवाज आठवतो आणि तोंडात माती आठवते. पण माळवद खाली आलं नाही. आमचं छत भिंतीवर नव्हतंच, खांबांवर होतं. उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर सरे, त्यावर किलचण, पाला आणि पांढरी माती. भिंत नुसती आडोसा. उजाडल्यावर शेजारपाजारचे लोक येऊन बघत होते: भिंत नाही आणि घर उभं. आण्णांनी प्रत्येक सांध्याला हात लावून बघितला. मग करवत, पहार आणि वाकस घेतला आणि किल्लारीच्या दिशेनं निघणाऱ्या पहिल्या ट्रॅक्टरवर चढले. आई दारात उभी होती. ते तिला "येतो" म्हणाले की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत.

ते चार-पाच दिवसांनी आले. काय बघितलं ते त्यांनी सलग कधी सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यानं, वर्षानुवर्षं, भलत्याच वेळी सांगायचे. लोक हातानं दगड उपसत होते, दिसेल ते लाकूड ओढत होते. आण्णा त्यांना थांबवायचे. कुठली तुळई कशाच्या आधारानं अडकलीय, कुठं करवत लावली तर बाकीचं खाली बसेल, हे ज्यानं घर बांधलं त्यालाच कळतं. एका ठिकाणी त्यांनी सरा कापायला फार वेळ लावला म्हणून एका पोरानं त्यांना ढकललं होतं. खालून त्या पोराची आई जिवंत निघाली. बाकी ठिकाणी बहुतेक उशीर झालेला. आणि मग त्याच घरांची लाकडं सरणावर. तुळया, चौकटी, दारं, जे निघेल ते. इतकी माणसं गेली होती की वेगळं सरपण आणायचं कुठून? "कुसू न सुटलेल्या चौकटी तशाच ठेवल्या," असं ते एकदा म्हणाले होते, भर येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, रानात कोपीपुढं अंबिलाचा गडू हातात धरून. आई म्हणाली, "आज नका काढू ते." त्यांनी गडू तोंडाला लावला.

त्यांना खाणारी गोष्ट आणखी वेगळी होती. जुन्या घरांना भरपूर खांब असायचे. नंतर लाकूड महागलं, खांब कमी झाले, आणि माळवदाचा भार सरळ मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर यायला लागला. वर दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून मातीचा नवा थर. आजोबाच्या काळात वीतभर असलेली माती नातवाच्या काळात हात-दीड हात व्हायची, आणि ती पेलणारी भिंत म्हणजे दोन बाजूंना दगड आणि मध्ये गोट्यांचा भराव, दोन्ही बाजूंना बांधून धरणारा लांब दगड कुठंच नाही. पुढं सरकारी इंजिनिअर गावोगाव हेच सांगत हिंडले. कोपऱ्यात लांब दगड घाला, भिंतीला सिमेंटचा पट्टा घ्या, छप्पर हलकं करा. आण्णांना ते सगळं आधीपासून ठाऊक होतं. ऐपत नसलेल्या माणसानं "मिस्त्री, दोनच खांबात भागवा" म्हटलं की त्यांनीही भागवून दिलं होतं. अशी किती घरं, कुठल्या गावात, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. 52 गावं जागा सोडून दुसरीकडं वसवली गेली, आणि त्यातल्या काही गावांच्या वाटेनं आण्णा पुढं कधी गेले नाहीत. सोयरिकीचं लग्न असलं तरी नाही.

ते परत आले त्या आठवड्यात आम्ही अंगणातच झोपत होतो, सगळं गावच झोपत होतं. धक्के चालूच होते. एका रात्री आई म्हणाली, "मला झोप येत नाई." आण्णा उठून बसले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग घराकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माळवदावर चढले.

ज्या छतानं आम्हाला वाचवलं, ज्याच्यासाठी अख्खा मुलूख त्यांचं नाव घेत होता, ते छत त्यांनी आपल्या हातानं उतरवायला घेतलं. माजघरावरची पांढरी माती घमेल्या-घमेल्यानं खाली टाकली. आम्ही पोरं पाट्या भरून ती परसात नेत होतो. पाला काढला, किलचण काढली. परतीचा पाऊस दाटून आला होता. पत्रे आले, आणि सागाच्या तुळईवर खाच कोरायला, पट्ट्या बसवायला सवड नव्हती. त्यांनी डांबरी वायसर लावलेले खिळे घेतले आणि एका मागोमाग एक सरळ तुळईत ठोकले. ही तुळई त्यांनी किनवटकडच्या सागाची, कुठल्याशा पडक्या वाड्यातून, एका सबंध हंगामाच्या कमाईवर घेतली होती. ती ठोकाठोक मी ऐकली असणार. मी अंगणातच होते. पण व्यापाऱ्याचं चुंबक चिकटेपर्यंत मला ती आठवली नव्हती. त्या दिवसांचं एवढं काही डोक्यात साठलंय की हातोड्याचा आवाज त्यात कुठं ऐकू येणार?

हे सगळं जुळलं तेव्हा मी रात्री आईला म्हणाले, आण्णांनी तुझ्यासाठी केवढं केलं बघ. तुला झोप यावी म्हणून तुळईचं वाटोळं केलं. आईचं शेंगा फोडणं अजून चालूच होतं, दिवसभराची पाटी संपायची होती. ती म्हणाली, "मला कुठं पत्रा पाहिजे होता? मला काय त्या माळवदाचं भ्या नव्हतं. माळवद त्यांच्या हातचं होतं." मग बराच वेळ नुसत्या टरफलांचा आवाज. "ते पोरं टाकून मला एकटीला सोडून गेले ना, परत येतेत का नाई, त्याचं भ्या बसलं होतं. झोप येत नाई म्हणलं ते त्याच्यासाठी. आन तुमचे आण्णा चढले माळवदावर."

वैशाखात ते माजघर भट्टी व्हायचं, हे मात्र ती स्वतःहून बोलली. बाकीचं घर दुपारी गार, आणि माजघरात पत्रा कडाडतोय. पत्र्यावर आण्णांनी कडब्याच्या पेंढ्या घातल्या, मग पाणी मारायला सुरुवात केली, मग आतून तट्ट्याचं छत लावलं. एका गैरसमजाची डागडुजी करण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली. आईनं त्यांना खरं सांगितलं का? "सांगून काय, पत्रे काढले असते परत," ती म्हणाली. व्यापाऱ्यानं बाकीचं लाकूड नेलं. तुळईचा सौदा भावानंच मोडला. ती सध्या गोठ्याच्या भिंतीलगत आडवी पडून आहे, तिच्यावर शेजारच्यांची कोंबडी बसतात.

असंच 2016 ला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. शहराला रेल्वे तरी आली, आमच्याकडं टँकरची वाट बघणं आणि कोसभरावरची अधिग्रहण केलेली बोअर. आईचा खांदा धरला होता. आण्णांनी भंगारातून सायकलची दोन चाकं आणली, फळीला घागरींच्या बुडाच्या मापाची भोकं पाडली, दांडा नेमका आईच्या कमरेच्या उंचीला. सुंदर गाडा. चार घागरी हिंदकळल्याशिवाय यायच्या. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. आईनं तो आठवडाभर वापरला आणि शेजारच्या पोटुशी सुनेला देऊन टाकला. आण्णा घुश्शात. मी तेव्हा आईला हेकट ठरवलं होतं. मागं कधीतरी ती बोलता बोलता म्हणाली की डोक्यावर घागर असली की चौघी जणी एका पावलानं, गप्पा मारत यायच्या. गाडा घेतल्यापासून ती एकटीच पुढं पोचायची.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत आण्णांचे हात थरथरायला लागले. चहाची बशी हलायची, ते तिच्याकडं दुसऱ्याचा हात असावा तसे बघायचे. खंडेनवमीला हत्यारं पुजायची तेव्हा सगळी काढून, पुसून, तेल लावून मांडायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत गुंडाळायचे. मी दिवाळीला गेले होते. आईचे गुडघे गेलेले, खाली बसून भाकरी थापणं होईना, ओट्यापाशी उभं राहून थापलेली तिला पसंत नाही. आण्णांनी मला छपरात बोलावलं. एक फळी पुढं सारली, रंधा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बुटकं स्टूल करायचंय. मी सांगतो, तू कर."

मी बँकेत नोकरी करते, चाळिशी गाठलीय. रंधा पहिल्यांदा धरला. तो पहिल्या फटक्याला लाकडात अडकला, दुसऱ्याला उडाला. "दाबू नको, पुढं ढकल." हळूहळू पातळ, कुरळी साल निघायला लागली. आण्णा बाजेवर बसून बघत होते. आईच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं; ती झोपली असताना सुतानं घेतलं, असं सांगितलं. चार पाय, चार खाचा. खाचा कोरायला मला सबंध दिवस लागला, आणि त्यांनी मला एकदाही "भागव" म्हटलं नाही. मेखा मारल्या. खिळा नाहीच. उभं केलं तर डुललं. एक पाय सूतभर तासला, तर दुसऱ्या बाजूला डुललं. तो तासला. असं करता करता स्टूल पाटाएवढं व्हायची वेळ आली. भाऊ येऊन हसून गेला. आण्णा स्वतः उठले, थरथरत्या हातानं वाकस मागितला, मी दिला नाही.

आई दारात येऊन कधीपासून उभी होती कोण जाणे. म्हणाली, "तीन पायाचं करायचं होतं. जमीन शेणाची, वरखाली असणारच. तीन पायाचं कुठंबी ठेवा, डुलत नाई."

आण्णांनी तिच्याकडं बघितलं, स्टुलाकडं बघितलं. म्हणाले, "आधी सांगायचं की."

"आधी विचारायचं की," आई म्हणाली.